सी भाषा: दर भरून एंटर दाबल्यावर पुढच्या प्रश्नाचे उत्तर न घेताच प्रोग्रॅम संपतो

अक्कलकोटरोड_टॉवेल (प्रश्न)

नमस्कार. मी सोलापुरात पदविका अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला शिकतो. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत आमचा टॉवेलचा लहान कारखाना आहे. बाहेरगावी जाणाऱ्या मालाची नोंद वडील वहीत ठेवतात. ती नोंद संगणकावर व्हावी म्हणून मी सी भाषेत एक साधा प्रोग्रॅम लिहिला आहे. तो दुकानाचे नाव, किती डझन माल, प्रति डझन दर आणि शेवटी आणखी नोंद करायची आहे का, असे चार प्रश्न विचारतो. नाव %एस ने, डझन %डी ने, दर %एफ ने आणि वाय किंवा एन हे शेवटचे उत्तर %सी ने घेतले आहे. सगळीकडे कीबोर्डवरून उत्तर वाचणारे स्कॅनएफ हेच फंक्शन वापरले आहे. डझन आणि दर हे शून्याहून मोठे मिळेपर्यंत पुन्हा विचारले जावेत म्हणून त्या दोन्ही प्रश्नांभोवती लूप आहे.

पहिली अडचण अशी की दर भरून एंटर दाबल्यावर शेवटचा प्रश्न पडद्यावर उमटतो, पण उत्तरासाठी न थांबता प्रोग्रॅम संपतो. दुसरी अडचण वडिलांनी वापरून पाहिल्यावर लक्षात आली. त्यांनी डझनच्या प्रश्नाला आकड्यापुढे जागा सोडून इंग्रजी अक्षरांत ‘डझन’ असेही लिहिले आणि त्यानंतर दराचा प्रश्न पडद्यावर एकसारखा धावत राहिला. शेवटी खिडकी बंद करावी लागली. तिसरी अडचण नावाची आहे. नवी पेठेतल्या एका दुकानाचे नाव दोन शब्दांचे आहे, त्यातला पहिलाच शब्द साठवला जातो आणि लगेच डझनचा प्रश्न तसाच धावू लागतो.

महाविद्यालयातील संगणकांवर टर्बो सी हा जुना कंपायलर आहे आणि तेथे एफफ्लशची एक ओळ घातल्यावर पहिली अडचण तरी सुटते. घरी उबुंटू या लिनक्स प्रणालीवर जीसीसी हा कंपायलर वापरतो, तेथे त्या ओळीचा काहीच उपयोग होत नाही. कोणती ओळ कोठे घालावी एवढेच मला नको आहे. असे का घडते, हे समजावून सांगितल्यास आभारी राहीन.

---

होटगी_रस्ता

शेवटच्या स्कॅनएफमध्ये %सी च्या आधी, अवतरणचिन्हाच्या आत, एक मोकळी जागा सोडून पाहा, म्हणजे पहिली अडचण सुटेल. प्रत्येक स्कॅनएफनंतर एसटीडीइनवर (आत येणाऱ्या मजकुराच्या प्रवाहावर) एफफ्लश केले म्हणजे बाकीच्याही सुटाव्यात. प्रात्यक्षिक परीक्षेत आम्ही सर्वजण तसेच लिहितो आणि ते चालते. घरीही टर्बो सी घातल्यास प्रश्नच उरणार नाही.

---

जुळे_सोलापूर

वरील उत्तरातील पहिली सूचना योग्य आहे, दुसरी नाही. मात्र त्याआधी कीबोर्ड आणि प्रोग्रॅम यांच्यामध्ये काय घडते ते पाहू, कारण आपल्या तिन्ही अडचणींचे मूळ एकच आहे.

कळ दाबली की ते अक्षर थेट स्कॅनएफच्या हाती पडते, अशी सुरुवातीला बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात आपण टाइप केलेली अक्षरे टर्मिनल स्वतःजवळ राखून ठेवते, बॅकस्पेस दाबल्यास त्यातले अक्षर खोडते आणि एंटर दाबल्यावरच ती संपूर्ण ओळ, शेवटच्या ‘नवी ओळ’ या अक्षरासकट, प्रोग्रॅमच्या स्वाधीन करते. ती ओळ एसटीडीइनच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, येऊन थांबते. स्कॅनएफ त्यातून आपल्याला हवी तेवढीच अक्षरे उचलते आणि उरलेली जशीच्या तशी मागे ठेवते. वाचनाच्या पुढच्या आज्ञेला बफरमध्ये काही शिल्लक सापडले, तर ती वापरणाऱ्याकडे वळून पाहतसुद्धा नाही, जे आहे तेच वाचते.

आता आपला प्रोग्रॅम पाहा. दराच्या जागी ४८० लिहून एंटर दाबले, तेव्हा बफरमध्ये चार अक्षरे आली: तीन अंक आणि नवी ओळ. %एफ ने तीन अंक घेतले आणि नवी ओळ तशीच राहिली. पुढे %सी आले. %डी, %एफ आणि %एस हे तिघेही वाचनाआधी येणाऱ्या मोकळ्या जागा, टॅब आणि नव्या ओळी ओलांडून पुढे जातात, परंतु %सी तसे करत नाही, कारण त्याच्या दृष्टीने मोकळी जागा हेही एक अक्षरच आहे. त्याने नवी ओळ उचलली, ती ‘वाय’ नव्हती म्हणून लूप संपला. फॉरमॅट स्ट्रिंगमध्ये %सी च्या आधी मोकळी जागा सोडली, तर ‘येथे असतील तेवढ्या मोकळ्या जागा आणि नव्या ओळी आधी ओलांड’ असा तिचा अर्थ होतो. येथे ती सूचना लागू पडते ती यामुळे. मात्र तीच मोकळी जागा किंवा नव्या ओळीचे चिन्ह फॉरमॅटच्या शेवटी लिहू नये. तसे केल्यास, मोकळी जागा नसलेले एखादे अक्षर येईपर्यंत स्कॅनएफ परतच येत नाही आणि कितीही एंटर दाबले तरी प्रोग्रॅम गोठल्यासारखा वाटतो. पडद्यावर मजकूर लिहिणाऱ्या प्रिंटएफच्या सवयीने अनेक विद्यार्थी तेथे नव्या ओळीचे चिन्ह लिहितात.

धावणाऱ्या प्रश्नाचे कारणही हेच. वडिलांनी आकडा आणि पुढे ‘डझन’ लिहिले. %डी ने आकडा घेतला आणि मोकळ्या जागेपाशी थांबले. दराच्या %एफ ने मोकळी जागा ओलांडली, समोर इंग्रजी अक्षर दिसताच ते अडले आणि ते अक्षर बफरमध्ये तसेच ठेवून परतले. दर शून्यच राहिला, लूपने पुन्हा विचारले, %एफ पुन्हा त्याच अक्षरापाशी अडले. ते अक्षर कोणीच उचलत नसल्यामुळे हा फेरा कधीही संपणार नाही. दोन शब्दांच्या नावातही हेच घडते, कारण %एस पहिल्या मोकळ्या जागेपाशी थांबते आणि दुसरा शब्द डझनच्या %डी पुढे येऊन बसतो.

एफफ्लश हे बाहेर जाणाऱ्या प्रवाहासाठी आहे. लिहिलेले पण अजून पुढे न गेलेले अक्षर पुढे ढकलणे, हे त्याचे काम. आत येणाऱ्या प्रवाहावर ते वापरले तर काय व्हावे, हे सी भाषेच्या प्रमाणाने ठरवलेलेच नाही. टर्बो सीमध्ये आत येणारा बफर रिकामा होत असे. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या लायब्ररीतही तसेच होते, परंतु व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ पासून तेथेही ते थांबले. लिनक्सवर टर्मिनलमधून आलेली अक्षरे त्या ओळीने टाकून दिली जात नाहीत. म्हणजे आपल्या घरचा जीसीसी काही चुकत नाही. ‘प्रत्येक वेळी तेच लिहितो आणि चालते’ या युक्तिवादाचे वजन त्या एका प्रयोगशाळेपुरते आहे. याउलट एसटीडीआउटवर, म्हणजे बाहेर जाणाऱ्या प्रवाहावर, एफफ्लश करणे पूर्णपणे योग्य असते. प्रश्न विचारणाऱ्या प्रिंटएफच्या शेवटी नवी ओळ नसेल, तर प्रोग्रॅम लिहिण्याच्या काही सॉफ्टवेअरच्या खिडकीत तो प्रश्न उत्तर दिल्यानंतर उमटतो, आणि तेव्हा तीच ओळ उपयोगी पडते.

उरलेली ओळ टाकून द्यायचीच असेल, तर नवी ओळ मिळेपर्यंत गेटचारने एकेक अक्षर वाचावे. यात दोन पथ्ये पाळावीत. गेटचारचे उत्तर इंट या पूर्णांकाच्या प्रकारातच ठेवावे, चार या अक्षराच्या प्रकारात नाही, कारण सर्व संभाव्य अक्षरांखेरीज ‘इनपुट संपले’ हे सांगणारी ईओएफ ही आणखी एक किंमत त्याला द्यायची असते. आणि लूपच्या अटीत नव्या ओळीबरोबर ईओएफचीही तपासणी असावी, अन्यथा इनपुट संपल्यावर तो लूपच अनंत होईल. आणखी एक अडचण आहे: बफर आधीच रिकामा असताना हा लूप चालवला, तर वापरणाऱ्याला विनाकारण एक जादा एंटर दाबावा लागतो. म्हणून प्रत्येक स्कॅनएफच्या मागे तो सरसकट लावून चालत नाही.

माझ्या मते आपल्या प्रोग्रॅमसाठी खरा उपाय वेगळा आहे. माल उतरवून घेताना आपण चलन आधी पूर्ण हातात घेतो आणि मग त्याचे रकाने तपासतो, तसे प्रत्येक प्रश्नाला पूर्ण ओळ वाचावी आणि नंतर निवांतपणे तिचा अर्थ लावावा. ओळ वाचण्यासाठी एफगेट्स आहे. त्याला अ‍ॅरे, अ‍ॅरेचा आकार आणि एसटीडीइन द्यावे. ते आकारापेक्षा एक कमी इतकीच अक्षरे घेते आणि शेवटी मजकूर संपल्याची खूण असलेले शून्य अक्षर स्वतः ठेवते, त्यामुळे अ‍ॅरेबाहेर लिहिले जाण्याची भीती नाही. ओळ मावली तर नवी ओळही अ‍ॅरेत येते, तिच्या जागी शून्य अक्षर ठेवावे. नावासाठी एवढे पुरेसे आहे, शब्द दोन असोत की चार.

डझनसाठी त्या ओळीतून संख्या काढावी लागते. एटोआय हे सोपे वाटणारे फंक्शन येथे टाळावे. ‘शून्य’ हा आकडा लिहिला आहे की नुसती अक्षरे लिहिली आहेत, यातला फरक ते सांगू शकत नाही, आणि संख्या मावण्यापलीकडची असेल तर त्याच्या वर्तनाची हमीच नाही. एसटीडीलिबमधील स्ट्रटोल वापरावे. त्याला ओळ, एका पॉइंटरचा (स्मृतीतील जागा दाखवणाऱ्या व्हेरिएबलचा) पत्ता आणि पाया म्हणून १० द्यावे. वाचन जेथे थांबले ती जागा ते त्या पॉइंटरमध्ये लिहून ठेवते. पॉइंटर ओळीच्या सुरुवातीलाच असेल, तर एकही अंक सापडलेला नाही. तो पुढे गेला असेल, तर त्यापुढे फक्त मोकळ्या जागा आहेत की आणखी काही, ते पाहावे. वडिलांनी लिहिलेला ‘डझन’ हा शब्द येथे पकडला जातो आणि तो स्वीकारायचा की ‘केवळ आकडा लिहा’ असे सांगायचे, हे आता तुमच्या हाती येते. फंक्शन बोलावण्याआधी एररनो हे चुकीची खूण ठेवणारे व्हेरिएबल शून्य करून ठेवावे. नंतर त्यात ई-रेंज आढळल्यास संख्या लाँग या पूर्णांकाच्या मोठ्या प्रकारातही मावलेली नाही. शिवाय ६४ बिटच्या उबुंटूवर लाँग हा इंटपेक्षा मोठा असल्याने, इंटमध्ये ठेवण्याआधी ती २१४७४८३६४७ च्या आत आहे ना, हेही तपासावे. खरे तर एका नोंदीत किती डझन माल जाऊ शकतो ही मर्यादा तुम्हीच ठरवली, तर ती तपासणी अधिक उपयोगी पडेल.

दरासाठी स्ट्रटोडी हे याच पद्धतीने चालते. वाय किंवा एनसाठी ओळीतले मोकळी जागा सोडून पहिले अक्षर पाहिले की झाले.

---

प्रयोगशाळा_शिक्षिका

मी पदविकेच्या विद्यार्थ्यांना हाच विषय शिकवते, म्हणून वरील विवेचनाला थोडी पुरवणी जोडते. स्कॅनएफ मुळात टाकाऊ आहे असा समज विद्यार्थ्यांनी करून घेऊ नये. दुसऱ्याच तासाला दोन संख्यांची बेरीज करून दाखवायची असते आणि तेव्हा पॉइंटर, एररनो, स्ट्रटोल हे सगळे एकदम पुढे मांडता येत नाही, म्हणून अभ्यासक्रम स्कॅनएफपासून सुरू होतो. माझा आक्षेप एवढाच आहे की स्कॅनएफ किंमत परत करते, हे बहुतेकांना वर्षअखेरपर्यंत ठाऊक नसते. किती व्हेरिएबलमध्ये यशस्वीपणे किंमत भरली गेली, ती संख्या ते परत देते. एक %डी असेल, तर १ मिळाले म्हणजे आकडा मिळाला, ० मिळाले म्हणजे समोर आकडा नव्हता आणि ईओएफ मिळाले म्हणजे इनपुटच संपले. ही तपासणी करून, ० मिळाल्यास उर्वरित ओळ गेटचारने टाकून दिली असती, तर प्रश्नकर्त्याचा लूप धावला नसता. परीक्षेत स्कॅनएफच अपेक्षित असेल, तर एवढे तरी अवश्य लिहावे. परीक्षकाला ते खटकणार नाही.

नावासाठी %एस वापरावेच लागले, तर टक्के चिन्ह आणि एस यांच्यामध्ये मर्यादा लिहावी. ३० अक्षरांच्या अ‍ॅरेसाठी ती २९ असते, कारण शेवटच्या शून्य अक्षराला एक जागा लागते. मर्यादा न लिहिता वापरलेले %एस आणि जुने गेट्स यांच्यात या बाबतीत काहीच फरक नाही. अ‍ॅरे कोठे संपतो हे दोघांनाही ठाऊक नसते. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट टॅपन मॉरिस या कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थ्याने इंटरनेटवर सोडलेला स्वतःहून पसरणारा प्रोग्रॅम अनेक यंत्रांत शिरला, त्याचा एक मार्ग हाच होता. फिंगर या सेवेचा प्रोग्रॅम ५१२ बाइटच्या अ‍ॅरेत गेट्सने ओळ वाचत असे आणि त्याला मुद्दाम त्याहून लांब ओळ पाठवली जात असे. पुढे २०११ च्या सी प्रमाणातून गेट्स काढूनच टाकण्यात आले. तरीही प्रात्यक्षिकांच्या वह्यांमध्ये ते मला आजही दिसते.

टर्बो सीविषयी. बोरलँडने ते १९८७ मध्ये बाजारात आणले. त्यातील इंट १६ बिटचा आहे, म्हणजे ३२७६७ च्या पुढील संख्या त्यात मावत नाही. कोनिओ हेडर, गेटसीएच, सीएलआरएससीआर ही सगळी त्या काळातील डॉसची साधने आहेत, सी भाषेचा भाग नव्हेत. महाविद्यालयात ते असेल, तर परीक्षेपुरते वापरावे, परंतु त्यासाठी घरचे जीसीसी काढून टाकण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. उलट घरी जीसीसीला डब्ल्यू-ऑल हा पर्याय देऊनच कंपाइल करावे. व्हेरिएबलच्या आधी & लिहायचे राहिले, किंवा डबलसाठी %एलएफऐवजी %एफ लिहिले, तर ते प्रोग्रॅम चालवण्याआधीच सूचना देते. यांपैकी दुसरी चूक अतिशय फसवी आहे, कारण प्रिंटएफला डबलसाठी %एफ चालते आणि स्कॅनएफला चालत नाही.

दरासंबंधी एक सूचना, जी मूळ प्रश्नाच्या थोडी बाहेर जाते. फ्लोटमध्ये दहा पैसे अचूक साठवता येत नाहीत. रुपये आणि पैसे वेगळे वाचून सर्व रक्कम पैशांत, लाँगमध्ये ठेवली, तर महिनाअखेरची बेरीज वहीशी जुळेल.

---

अक्कलकोटरोड_टॉवेल

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक ओळ वाचणारे आणि तिच्यातून संख्या काढणारे अशी दोन फंक्शन्स वेगळी लिहिली असून तिन्ही अडचणी दूर झाल्या आहेत. ‘डझन’ हा शब्द आकड्यापुढे आला तर तो दुर्लक्षित करायचा, असे ठरवले.

आता वडिलांनी कीबोर्ड मराठीवर ठेवून नोंद करून पाहिली, तेव्हा दोन गोष्टी आढळल्या. १२ हा आकडा मराठीत टाइप केल्यावर प्रोग्रॅम ‘हा आकडा नाही’ असे सांगतो. दुसरे असे की नावासाठी ३० चा अ‍ॅरे ठेवला आहे, इंग्रजीत त्यात दुकानांची नावे सहज मावतात, परंतु मराठीत लिहिलेले नाव मध्येच तुटते आणि शेवटी एक विचित्र चौकोन दिसतो. तुटलेला उरलेला भाग पुढच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून जातो. वडिलांना मराठीतच लिहायचे आहे आणि त्यांना इंग्रजी आकडे वापरा असे सांगणे मला योग्य वाटत नाही.

---

जुळे_सोलापूर

वडिलांचे म्हणणे रास्त आहे आणि ते साधताही येते.

उबुंटूचे टर्मिनल अक्षरे यूटीएफ-८ या पद्धतीने पाठवते. इंग्रजी अक्षर आणि इंग्रजी अंक त्यात एका बाइटमध्ये मावतात. देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला मात्र तीन बाइट लागतात, आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही सारी त्यात स्वतंत्र चिन्हे असतात. ‘सोलापूर’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो, पण त्यात स, ओकार, ल, काना, प, ऊकार आणि र अशी सात चिन्हे आहेत, म्हणजे २१ बाइट. एफगेट्स बाइट मोजते, अक्षरे नाही. त्याने २९ बाइट घेतले, तेव्हा दहाव्या चिन्हाचे दोनच बाइट आत आले आणि तिसरा बाहेर राहिला. तो चौकोन म्हणजे ते अर्धवट चिन्ह. यासाठी अ‍ॅरे तीस ऐवजी तीनशेचा करावा. स्मृतीची काटकसर करण्याचे येथे काही कारण नाही. तरीही ओळ मावली नाहीच, तर तुटके नाव साठवू नये. उर्वरित ओळ टाकून देऊन नाव पुन्हा विचारावे.

ओळ मावली की नाही हे ओळखण्यासाठी, नव्या ओळीच्या जागी शून्य ठेवण्याआधीच अ‍ॅरेत नवी ओळ आहे का ते पाहावे. नसेल तर लगेच ‘ओळ लांब आहे’ असा निष्कर्ष काढू नये. गेटचारने पुढचे एक अक्षर वाचावे. ते नवी ओळ किंवा ईओएफ असेल, तर ओळ नेमकी मावली आहे. दुसरे काही असेल तरच ती लांब आहे, आणि तेव्हा नवी ओळ किंवा ईओएफ मिळेपर्यंत वाचत राहावे. हा टाकून देण्याचा लूप योग्य जागी बसतो तो येथे, कारण काहीतरी शिल्लक आहे हे आता निश्चित ठाऊक असते आणि जादा एंटरची गरज पडत नाही.

आता अंक. स्ट्रटोल आणि स्कॅनएफ हे दोघेही फक्त इंग्रजी अंक ओळखतात, म्हणून त्यांच्याकडे ओळ देण्याआधी आपणच रूपांतर करावे. यूटीएफ-८ मध्ये ० ते ९ या देवनागरी अंकांचा पहिला बाइट २२४, दुसरा १६५ आणि तिसरा अनुक्रमे १६६ ते १७५ असा असतो. ओळीवरून डावीकडून उजवीकडे जावे. लागोपाठ असे तीन बाइट दिसले, तर तिसऱ्यातून १६६ वजा करावेत, आलेल्या संख्येत इंग्रजी शून्याच्या अक्षराची किंमत मिळवून ते एकच अक्षर लिहावे आणि तीन बाइट पुढे सरकावे. इतर बाइट जसेच्या तसे उतरवावेत. नवी ओळ जुनीपेक्षा लहानच होत असल्याने हे त्याच अ‍ॅरेत करता येते. वडिलांनी एखाद्या वेळी एक अंक मराठी आणि दुसरा इंग्रजी लिहिला तरीही ते चालेल.

येथे एक खाचखळगा आहे. जीसीसीमध्ये नेहमीच्या संगणकावर चार हा अक्षराचा प्रकार चिन्हासहित (ऋण किंमतीही ठेवणारा) असतो, म्हणून २२४ हा बाइट त्यात ऋण ३२ दिसतो आणि थेट केलेली तुलना कधीच जुळत नाही. तुलना करण्याआधी बाइट अनसाइन्ड चारमध्ये घ्यावा. इझडिजिट, इझस्पेस यांसारख्या फंक्शन्सनाही हेच लागू आहे. त्यांना ऋण किंमत देणे प्रमाणानुसार चूक आहे, जरी बऱ्याचदा ते खपून जात असले तरी.

शेवटच्या प्रश्नालाही वाय आणि एनच्या जोडीला मराठीतले ‘हो’ आणि ‘नाही’ स्वीकारता येईल. त्यासाठी पूर्ण ओळीची स्ट्रसीएमपीने तुलना करावी. मात्र आजूबाजूच्या मोकळ्या जागा आधी कापाव्यात.

---

सात_रस्ता

तपासणीविषयी लिहितो, कारण असे प्रोग्रॅम हाताने टाइप करून कोणी पुरेसे तपासत नाही. जी उत्तरे टाइप करणार ती एका साध्या फाइलमध्ये ओळीने लिहून ठेवावीत आणि प्रोग्रॅम चालवताना < हे चिन्ह व त्या फाइलचे नाव द्यावे. एसटीडीइन तेव्हा कीबोर्डऐवजी त्या फाइलमधून भरले जाते आणि बदल केल्यानंतर प्रत्येक वेळी तीच तपासणी क्षणात पुन्हा करता येते. फाइलमध्ये सरळ उत्तरांपेक्षा वाकडी उत्तरे अधिक असावीत: नुसता एंटर, नुसत्या मोकळ्या जागा, ऋण आकडा, वीस अंकी आकडा, आकड्याच्या जागी नाव, देवनागरी आणि इंग्रजी अंकांची सरमिसळ, तीनशे बाइटहून लांब नाव. एक फाइल अशीही ठेवावी जिच्या शेवटच्या ओळीनंतर एंटर दिलेला नाही.

या शेवटच्या फाइलने जी चूक उघडी पडते, ती प्रश्नकर्त्याच्या नव्या रचनेतही असू शकते. संख्या बरोबर मिळेपर्यंत पुन्हा विचारणारा लूप, फाइल संपल्यावर कोणाला विचारणार? एफगेट्सने नल परत दिले, म्हणजे आता पुढे काहीच येणार नाही, आणि ही गोष्ट ‘चुकीचे उत्तर’ यापासून वेगळी मानली नाही, तर मूळ अडचणीसारखाच प्रश्न पुन्हा धावू लागेल. कीबोर्डवरूनही हे घडते. लिनक्सवर ओळीच्या सुरुवातीला कंट्रोल आणि डी दाबले, किंवा विंडोजवर कंट्रोल आणि झेड दाबून एंटर दिला, की इनपुट संपल्याचीच खूण जाते. म्हणून ओळ वाचणाऱ्या फंक्शनने तीन वेगळी उत्तरे द्यावीत: ओळ मिळाली, ओळ फार लांब होती, इनपुट संपले. यांपैकी तिसरे उत्तर आले, तर पुन्हा न विचारता सर्व लूपमधून बाहेर पडावे, अर्धवट राहिलेली नोंद सोडून द्यावी, आणि तोपर्यंत पूर्ण झालेल्या नोंदी फाइलमध्ये लिहून एफक्लोज करावे. एफक्लोज शून्य परत देते की नाही, तेही पाहावे, कारण डिस्क भरलेली असल्यास ते अनेकदा तेथेच कळते.